आधी कोणाचे दळण : यंत्रांवरील मालबदलाची हकीकत

गिरणीवर दळण घेऊन जाणाऱ्या प्रत्येकास एक गोष्ट ठाऊक असते. नंबर आपला आला म्हणजे डबा लगेच लागतो असे नाही. गिरणीवाला रांगेतले डबे एकवार न्याहाळतो आणि म्हणतो, "गहू सगळे आधी होऊ द्या, मग ज्वारी लावतो." हरभऱ्याच्या डाळीचा डबा सर्वांच्या आधी येऊन बसला असला तरी त्यास शेवटपर्यंत थांबावे लागते. कारण उघड आहे. मागच्या दळणाचे पीठ मूठ-पसा तरी जात्यात राहतेच, आणि ते पुढच्याच्या डब्यात उतरते. गव्हामागून ज्वारी आली तर कोणी फारशी तक्रार करीत नाही. बेसनामागून गहू आला तर पोळी पिवळी होते आणि घरी बोलणी खावी लागतात. एकादशीसाठी भगर किंवा राजगिरा दळावयाचा तर गिरणी झाडून-पुसून घ्यावी लागते. म्हणून उपवासाची दळणे बहुधा सकाळी, गिरणी स्वच्छ असताना पहिल्याने घेतात. मिरचीला तर त्या जात्याजवळ फिरकू देत नाहीत. तिचे यंत्रच निराळे.

या वासंतिक व्याख्यानांत इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह यांची अपेक्षा असते. आम्ही त्या विषयांचे अधिकारी नव्हे. आमचे शिक्षण कामगारांच्या बैठकींत आणि उसन्या आणलेल्या पुस्तकांत झाले. तेव्हा श्रोत्यांपुढे आम्ही जो इतिहास मांडणार आहोत तो बंद यंत्राचा आहे. एक माल उतरवून दुसरा चढविताना यंत्र जेवढा वेळ थांबते, तेवढ्या वेळाचा हा इतिहास. गिरणीवाल्याचे कोडेच कारखान्यात मोठ्या आकाराने उभे राहते. बदलाला खर्च येतो. तो खर्च कशामागून काय लावले यावर ठरतो. आणि गिरणीवाल्याचा जो खर्च वाचतो तो डाळीचा डबा घेऊन बसलेल्या बाईच्या वेळातून वाचलेला असतो. पहिल्या दोन गोष्टींवर पुष्कळ पुस्तके झाली आहेत. तिसरीवर कमी.

मुंबईच्या कापडगिरण्यांपासून सुरुवात करू. तेथील साचे खात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, एका जातीचे कापड संपून दुसऱ्या जातीचे चढवावयाचे याला सॉर्ट बदलणे म्हणत. ऐकायला सोपे, करायला किचकट. ताण्याचा जुना बीम उतरवावयाचा, नवा चढवावयाचा, रचातून आणि फणीतून एकेक धागा ओवलेला असला पाहिजे, तो नसेल तर ओवावयाचा. मग बाण्याचे सूत निराळे, त्याप्रमाणे साच्याची चाके निराळी. पहिले काही वार कापड धड निघतच नाही. हे चालू असता साचा मुका उभा. आणि साचेवाल्याची मजुरी रोजावर नव्हती. ती कामावर, उतरलेल्या कापडावर होती. साचा उभा राहिला की त्याची मजुरीही उभी राहिली. सॉर्ट बदलण्याचा हुकूम वरून येई, बाजाराकडे पाहून. त्यात साचेवाल्याला कोणी विचारीत नसे. पण त्या हुकमाची किंमत मात्र तो भरी.

१९२० नंतरच्या दशकात हा प्रश्न तीव्र झाला. चीनमधली सुताची जुनी पेठ मुंबईच्या हातून गेली होती आणि जपानी कापड इकडच्याच बाजारात उतरू लागले होते. नॉईस यांच्या अध्यक्षतेखालील टॅरिफ बोर्डाने १९२७ च्या अहवालात मुंबईच्या गिरण्यांना सल्ला दिला की जाडेभरडे सोडा, बारीक सुताकडे आणि धुतलेल्या, रंगीत, छापील कापडाकडे वळा. सल्ला चुकीचा होता असे आम्ही म्हणणार नाही. पण जाती वाढल्या की बदल वाढतात. शिवाय बारीक कापड वजनात हलके. मजुरी वजनावर असेल तर तेवढ्याच कष्टात हातात पडणारे पैसे कमी. त्यातच एका माणसाने दोनाऐवजी तीन साचे चालवावेत अशी नवी पद्धत काही गिरण्यांनी आणली. एक साचा थांबला तरी दुसरा चालू असतो, तेव्हा माणूस रिकामा राहत नाही, असा मालकांचा हिशेब होता. तीन साच्यांवर तीन जाती असल्या आणि तिन्ही एकदम अडल्या तर काय, हे त्या हिशेबात नव्हते.

एप्रिल १९२८ मध्ये संप सुरू झाला आणि ऑक्टोबरपर्यंत चालला. सुमारे दीड लाख कामगार त्यात होते. संयुक्त संप समितीने सतरा मागण्या मांडल्या. त्या समितीत ना. म. जोशी होते, डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर होते, आणि स्वतः गिरणीत काम केलेले अर्जुन आत्माराम आळवे होते. मालकांनी सर्व गिरण्यांत एकसारख्या दरांचे कोष्टक पुढे केले. पण त्यात साचेवाल्यांच्या मजुरीत साडेसात टक्के कपात दडलेली होती. चौकशीसाठी न्यायमूर्ती फॉसेट यांची समिती नेमली गेली, तिचा अहवाल मार्च १९२९ मध्ये आला. एकेका जातीच्या कापडाला काय दर, कोणत्या अडचणीला किती भत्ता, असली कोष्टके आज कोणी वाचीत नाही. आमच्या मते मात्र मुंबईच्या कामगारांच्या इतिहासाचे ते एक मुख्य पान आहे. माल बदलण्याचा भार कोणी सोसावयाचा हे तोवर मुकादम आणि साचेवाला यांच्यात ठरत असे. ते प्रथमच उघड्यावर, मेजावर आले.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. साच्यावर एक लहान बदल अखंड चालू असतो. धोट्यातली बाबीन संपते, नवी घालावी लागते. तिचा धागा धोट्याच्या डोळ्यातून तोंडाने ओढून काढण्याची रीत होती. धोटा एकाच्या तोंडचा दुसऱ्याच्या हाती जाणार, एवढ्या निमित्ताने सवर्ण साचेवाल्यांनी दलित कामगारांना साचे खात्यात येऊ दिले नाही. सूत खात्यात ते होते, पण अधिक मजुरीचे साचे खाते त्यांना बंद. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठामपणे ठेवला. आमच्या चळवळीच्या इतिहासातले हे अवघड पान आहे. काही लेखक ते वगळतात. दोन सेकंदांच्या कामाने एका समाजाचा रस्ता अडविला होता, आणि हाताने धागा ओवता येणारा धोटा हाताशी असता तर ते निमित्तही उरले नसते.

नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. आमच्या चांद्याकडील पुष्कळ माणसे पोटासाठी नागपूरच्या गिरण्यांत गेली, आणि त्यांच्याबरोबर साचा, बाबीन, जॉबर, बदली हे शब्द इकडे आले. 'बदली' या शब्दाकडे पहा. गिरणीत तो माल बदलण्यासाठी वापरला नाही, माणूस बदलण्यासाठी वापरला. कायमचा कामगार आला नाही तर त्याच्या जागी घ्यावयाचा, रोज सकाळी दाराशी उभा राहणारा तो बदली. यंत्राचा बदल महाग म्हणून टाळावयाचा आणि माणसाचा स्वस्त म्हणून रोज करावयाचा.

आता समुद्रापलीकडे. अमेरिकेत फोर्ड व्हिटमन हॅरिस नावाच्या गृहस्थाने फेब्रुवारी १९१३ मध्ये 'फॅक्टरी' नावाच्या मासिकात एक छोटा लेख लिहिला. एका खेपेस किती नग करावेत, एवढाच त्याचा प्रश्न. हा माणूस महाविद्यालयात गेलेला नव्हता, आणि हे आम्ही थोड्या अभिमानाने सांगतो. त्याचा विचार असा : खेप मोठी केली तर बदल कमी होतात, पण तयार माल गोदामात पडून राहतो, त्यात पैसा अडकतो. खेप लहान केली तर गोदाम रिकामे, पण यंत्र सारखे थांबते. या दोहोंचा मेळ कोठे बसतो? समजा, वर्षाला ३,६०० नग हवेत, एका बदलाला २०० रुपये पडतात आणि एक नग वर्षभर ठेवण्यास ४ रुपये. ६०० नगांची खेप केली तर वर्षात सहा बदल, खर्च १,२०० रुपये. गोदामात सरासरी ३०० नग राहतील, त्यांचा खर्चही १,२०० रुपये. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की एकूण खर्च सर्वांत कमी, असे हॅरिसचे गणित सांगते. या गणिताचा प्रसार फार झाला, पण मूळ लेख अनेक वर्षे कोणाच्या पाहण्यात नव्हता; तो १९९० मध्ये पुन्हा छापला गेला.

त्याच उदाहरणात बदलाचा खर्च २०० ऐवजी ५० रुपये धरा. खेप ३०० वर येते, बदल बारा होतात, आणि दोन्ही खर्च मिळून २,४०० चे १,२०० होतात. म्हणजे बदल दुप्पट वेळा करूनही खर्च निम्मा. परंतु हॅरिसच्या मागून आलेल्या पंडितांनी बदलाचा खर्च देवाने दिलेला आकडा मानला आणि खेप किती मोठी करावी यावरच चाळीस वर्षे डोके चालविले.

दुसरा प्रवाह क्रमाचा. पाच माल असतील तर ते १२० प्रकारांनी एकामागून एक लावता येतात. दहा असतील तर ३६ लाखांहून अधिक प्रकार होतात. पंधरा असतील तर एक लाख तीस हजार कोटींच्या वर. सगळे तपासून पाहणे गणकयंत्रालाही जड. १९५४ मध्ये डँट्झिग, फल्कर्सन आणि जॉन्सन या तिघांनी एका फिरत्या विक्रेत्याने ४९ शहरे कमीत कमी अंतरात कशी हिंडावीत हे सोडवून दाखविले. शहराच्या जागी माल आणि अंतराच्या जागी बदलाचा वेळ ठेवला की तेच कोडे कारखान्याचे होते. मात्र एक भेद राहतो. गावाचे जाण्यायेण्याचे अंतर एकच असते. गव्हावरून बेसनाकडे आणि बेसनावरून गव्हाकडे हे अंतर एक नाही. यांतल्याच जॉन्सनने त्याच वर्षी दोन यंत्रांवरून क्रमाने जाणाऱ्या कामांचा एक सोपा नियम दिला : ज्या कामास पहिल्या यंत्रावर थोडा वेळ लागतो ते आधी घ्या, ज्यास दुसऱ्यावर थोडा लागतो ते शेवटी ठेवा. पेन्सिल आणि कागद घेऊन कोणत्याही फोरमनला तो वापरता येतो.

आमच्या देशात ही विद्या 'उत्पादकता' या नावाने आली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे तज्ज्ञ १९५२ च्या अखेरीस आले. १९५८ मध्ये राष्ट्रीय उत्पादकता परिषद स्थापन झाली. जुने कार्यकर्ते तिच्याकडे संशयाने पाहत. घड्याळ हातात घेतलेला माणूस खात्यात दिसला की दर कापले जाणार, असा अनुभव १९२८ पासून त्यांच्या गाठी होता. त्यांचा संशय निराधार नव्हता. पण घड्याळ मालकाच्याच हातात राहू देणे हा त्यावर उपाय नव्हता, असे आम्हांस आज वाटते.

जपानात वाट वेगळी निघाली. शिगेओ शिंगो या अभियंत्याने लिहून ठेवले आहे की १९५० मध्ये हिरोशिमा येथील तोयो कोग्यो कारखान्यात मोठ्या प्रेसचा डाय बदलताना एक कामगार हरवलेला बोल्ट शोधीत तासाच्या वर इकडेतिकडे धावत होता, आणि प्रेस तोवर उभा होता. त्यावरून त्याने दोन भाग पाडले. काही कामे यंत्र थांबल्याशिवाय होतच नाहीत. काही यंत्र चालू असतानाच उरकून ठेवता येतात, जसे डाय आणून ठेवणे, बोल्ट मोजून ठेवणे, पाने लावून ठेवणे. १९६९ मध्ये टोयोटाच्या हजार टनी प्रेसचा बदल चार तासांवरून त्यांनी दीड तासावर आणला, आणि पुढे तीन महिन्यांत तीन मिनिटांवर. हॅरिसच्या गणितातला तो देवदत्त आकडाच त्यांनी पुसला. शिंगो यांच्या पुस्तकात एका गोष्टीचा मात्र पुरेसा हिशेब आम्हांस दिसला नाही. वाचलेल्या तीन तास सत्तावन्न मिनिटांत त्या फिटरने काय केले?

आता आपल्या मुलखाकडे येऊ. बल्लारपूरच्या कागद गिरणीची कंपनी १९४५ मधली. चांद्याच्या रानातला बांबू तिचा कच्चा माल. कागदाच्या यंत्रावर माल बदलणे म्हणजे चालत्या गाडीचे चाक बदलण्यासारखे आहे. यंत्र शक्यतो थांबवीत नाहीत. लगदा, वेग आणि वाफ यांत फेर करून कागदाचे वजन बदलतात, आणि नवे वजन स्थिर होईपर्यंत निघालेला कागद पुन्हा लगद्यात टाकतात. कागद वाया जात नाही, पण त्यावर खर्च झालेली वाफ आणि वीज परत येत नाही. म्हणून वजने पायरीपायरीने चढवितात किंवा उतरवितात, हलक्यावरून एकदम जाडावर उडी घेत नाहीत. रंगीत कागदात फिक्यापासून गडदाकडे जावयाचे आणि गडद संपला की सारे यंत्र धुऊन पुन्हा पांढऱ्याला यावयाचे. कोष्टी आणि रंगारी हे पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. पिवळ्याच्या हौदात काळा रंगविता येतो, काळ्याच्या हौदात पिवळा नाही.

कोरपना तालुक्यात सिमेंट. आवारपूर, गडचांदूर, उपरवाही, नारंडा ही नावे चुनखडीच्या थरांमुळे देशभर गेली. सिमेंटची भट्टी ही बदलाला सर्वांत नाखूष. आत सुमारे १,४५० अंशांची उष्णता; एकदा थंड केली तर पुन्हा तापविण्यास दिवस जातो, आणि घाई केली तर आतील विटांना तडे. म्हणून ती महिनोन्‌महिने अखंड फिरवितात आणि मोठी दुरुस्ती बहुधा पावसाळ्यावर ढकलतात, कारण तेव्हा बांधकामे थांबलेली असतात. भट्टीतून निघणारा क्लिंकर एकच. जात वेगळी होते ती पुढच्या चक्कीत : साधे सिमेंट, किंवा औष्णिक विद्युत केंद्राची राख मिसळून केलेले पोझोलाना सिमेंट. त्यात १५ ते ३५ टक्के राख चालते असे मानक आहे. येथे गिरणीवाल्याचा नियम जसाच्या तसा लागू. साध्यावरून राखेच्या जातीकडे जाताना मधला माल राखेच्या कोठारात सोडला तरी बिघडत नाही. उलट येताना चक्कीत राख उरलेली असते. तो माल साध्याच्या कोठारात गेला तर परीक्षेत नापास. म्हणून तो काही वेळ राखेच्याच कोठारात सोडावा लागतो.

हे सारे बसविले तरी रेल्वे वेगळेच ठरविते. मालगाडीचा रेक लागला की ठरल्या तासांत तो भरला पाहिजे, नाही तर विलंब आकार. मग चालू असलेला क्रम मोडतो आणि रेकचा माल आधी निघतो. भट्टी न थांबविण्याचा खर्च, चक्की न बदलण्याचा खर्च, रेक न अडविण्याचा खर्च, असे सगळे खर्च वाचवीत वाचवीत शेवटी कोठे येऊन साठतात ते पहावयाचे असेल तर रात्री दोन वाजता माल भरणाऱ्या ठेकेदारी हमालांच्या पाळीकडे पहावे. रेक येईपर्यंत ते बसून असतात. बसण्याला दर नाही. दर पोत्याला आहे. १९२८ च्या साचेवाल्याला हे हमाल चटकन ओळखले असते.

दुसऱ्या जिल्ह्यातील एका कारखान्यात आम्ही काही वर्षे संघटनेचे काम केले. नाव घेण्याचे कारण नाही. तेथे सिमेंटची प्लास्टिकची पोती विणून त्यांवर निरनिराळ्या कंपन्यांची नावे छापीत. बोनस पाळीतल्या पोत्यांच्या संख्येवर. छाप बदलला की ठसे उतरवा, शाई धुवा, नवे ठसे चढवा. तो वेळ कोणाच्या खाती नाही. ऑर्डरी वाटणारा एकच माणूस होता, आणि लांब ऑर्डरी एका पाळीस व फुटकळ ऑर्डरी दुसऱ्या पाळीस जात. कोणी दुष्टपणा केला असे म्हणता येत नव्हते. "ऑर्डर आली तशी लावली" हे उत्तर तयार. दोन पाळ्यांत बोलणे बंद झाले. तेव्हा आम्ही शंभर पानी वह्या आणल्या आणि पोरांना सांगितले की भांडण पुढे करू, आधी प्रत्येक बदल लिहा : कोणत्या छापावरून कोणता, किती वाजता थांबला, किती वाजता सुरू झाला, आणि कशासाठी थांबलो. सहा आठवड्यांनी त्या वह्या बोलू लागल्या. काळ्यावरून पिवळ्यावर येण्यास सर्वांत अधिक वेळ जात होता, आणि तसे बदल रोज होत होते. ठसे शोधण्यात जो वेळ जाई तो प्रत्यक्ष चढविण्याहून थोडाच कमी. शिंगोचे नावही तेव्हा आमच्यापैकी कोणी ऐकले नव्हते.

त्या वह्यांवर बोलणी झाली. छापांचा क्रम पिवळा, लाल, निळा, काळा असा ठरला. ठसे जादा रुळावर आधीच लावून ठेवण्याचे ठरले. आणि बदलाचा ठराविक वेळ बोनसच्या हिशेबात कामाचा वेळ म्हणून धरला गेला. पाळ्यांमधले वैर महिन्याभरात ओसरले. मात्र लगोलग दुसरे पत्र आले : ठसे धुणारे दोन मदतनीस आता जास्त झाले आहेत. त्या दोघांसाठी जेवढे भांडावे लागले तेवढे बोनससाठीही भांडावे लागले नव्हते. एक ठशांच्या कोठाराचा कारकून झाला. दुसऱ्याने हिशेब घेतला आणि गावी जाऊन पिठाची गिरणी घातली.

तेव्हापासून कोणत्याही करारात आम्ही दोन कलमे मागतो. माल बदलण्याचा वेळ हा कामाचा वेळ धरावा, आणि बदल सोपा केल्याने जागा मोकळी झाली तर त्या माणसास त्याच आवारात दुसरे काम द्यावे. पहिले कलम आता बहुतेक व्यवस्थापने घासाघीस करून मान्य करतात. दुसऱ्याला ठेकेदारी पद्धतीची पळवाट आहे, कारण ठेकेदाराचा माणूस कागदावर त्या आवाराचा नसतोच. सध्या आमची जी बोलणी चालू आहेत त्यांत हमालांच्या रेकची वाट पाहण्याच्या वेळाचे तिसरे कलम आम्ही घातले आहे. पहिला अर्धा तास फुकट धरावा असे समोरचे म्हणतात. गेटवर हजेरी लागल्यापासून घड्याळ चालू करावे असे आमचे म्हणणे आहे. येत्या महिन्यातल्या प्रत्येक रेकला दोन्ही बाजूंचा एकेक माणूस वही घेऊन उभा राहील, एवढे तूर्त मान्य झाले आहे.